ब्राझीलशेजारची रिकामी रांग

माझं काम कोष्टकं करण्याचं. सांगलीच्या विश्रामबागेत एका इमारतीत आमचं ऑफिस आहे, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही. साखर कारखाने, दूधसंघ, द्राक्षवाले अशा लोकांना कुठला धंदा वाढवावा आणि कुठला गुंडाळावा ते आम्ही सांगतो. सांगतो म्हणजे अहवाल देतो. अहवालाच्या शेवटी कोष्टक असतं आणि संचालक मंडळी तेवढंच वाचतात. बाकीची पानं आम्ही अहवाल जाड दिसावा म्हणून लिहितो असं माझं मत आहे, पण ते मी साहेबांसमोर बोलत नाही.

त्यातला एक अहवाल आण्णांच्या कारखान्याचा होता. आण्णा म्हणजे माझे वडील. कृष्णाकाठी, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर तो कारखाना आहे आणि त्याला लागून डिस्टिलरी. उसाची साखर झाली की मागे काळी चिकट मळी उरते. ती आंबवून, उकळून तिच्यातून अल्कोहोल काढतात. प्यायचं नव्हे. अत्तरं, औषधं, रंग, शाई असल्या गोष्टींत जातं ते. हे पाहुण्यांना पटवण्यात आईचं निम्मं आयुष्य गेलं. "दारूच्या कारखान्यात असतात व्हय?" असं कुणी विचारलं, की त्या पाहुण्याच्या चहात दूध कमी पडायचं.

आण्णा एक्सपोर्टच्या कॉलमवर ऑपरेटर होते. कॉलम म्हणजे दोन-तीन मजले उंच नळकांडं, त्यात वाफेवर अल्कोहोल वर चढत जातं आणि चढता चढता स्वच्छ होत जातं. परदेशात जाणारा माल तिथं निघायचा. प्रयोगशाळेत मशीन होतंच, पण आण्णांची परीक्षा वेगळी. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळायचे, उडून जाऊ द्यायचं आणि मग तळहात नाकाशी न्यायचा. काहीही वास उरला नाही तर माल पास. या नाकासाठी त्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही. आईनं हौसेनं आणलेला चंदनाचा साबण त्यांनी महिनाभर कपाटावर ठेवला आणि शेवटी आत्याला देऊन टाकला. आई दोन दिवस बोलत नव्हती.

त्यांच्या पाळीत दुसरा ऑपरेटर होता, आण्णांचा जोडीदार. तो आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी त्यांना काका म्हणते. काका इतकी वर्षं कंत्राटावरच राहिले, आण्णा कायम झाले, पण त्यावरून दोघांत कधी वाकडं आलं नाही. रविवारी काका आमच्याकडे चहाला यायचे, येताना गावाकडचे हुलगे नाहीतर मटकी आणायचे. दोघं ओसरीवर बसून तास न् तास काहीही बोलायचे नाहीत. "ही कसली दोस्ती गं?" असं मी आईला विचारायची. "कॉलमजवळ आवाज लय आसतो, त्येंची बोलायची सवय गेलीया," असं आई म्हणायची.

परदेशी मालाची एक पद्धत होती. टँकर भरला की त्यातलं एक बाटलीभर अल्कोहोल काढून ठेवायचं. बाटलीला लाखेचं सील लावायचं, वर चिठ्ठी डकवायची आणि ती प्रयोगशाळेतल्या कपाटात कुलपात ठेवायची. पुढे माल घेणाऱ्यानं खोट काढली तर पडताळून बघायला. चिठ्ठीवर तारीख, टँकरचा नंबर आणि माल ज्या देशात चाललाय त्याचं नाव, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या आण्णा लिहायचे आणि कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच असायची. घाना, केनिया, फिलिपिन्स ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी जेवताना ऐकली. "आज आपलं केनियाला गेलं," असं ते भाकरी मोडता मोडता सांगायचे.

तर अहवाल. कारखान्याच्या मंडळापुढे प्रश्न होता की एक्सपोर्टचा कॉलम चालू ठेवायचा, की सगळ्या मळीचं पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करायचं. मंडळात कुणाला तरी ब्राझीलचं फार कौतुक होतं. त्यांचा ऊस, त्यांचं अल्कोहोल, त्यांचं सगळंच. म्हणून विषय ठरला: ब्राझील हा देश आणि सातारा-सांगली हा विभाग, यांच्या औद्योगिक अल्कोहोल निर्यातीची तुलना. अख्खा देश एका रांगेत आणि आमचे दोन जिल्हे खालच्या रांगेत. हत्तीशेजारी शेळी बांधायची आणि बघायचं कोण मोठं. आमच्या ऑफिसात यावर हसले सगळे, पण काम घेतलं. साहेब मला म्हणाले, "तुमच्या घरचंच आहे, तुम्हीच करा." मला केवढा अभिमान वाटला. खाली माझ्या एकटीची सही असणारा तो पहिला अहवाल होता.

ब्राझीलची रांग भराभर भरली. त्यांचं सगळं मांडून ठेवलेलं असतं. आमच्या रांगेसाठी मी निर्यातीचे जिल्हावार कागद मागवले. त्या कागदांत माल पाठवणाऱ्याचा पत्ता ज्या जिल्ह्यातला, त्याच जिल्ह्याच्या नावावर माल लागतो. साताऱ्याच्या पानावर अल्कोहोल नव्हतं, सांगलीच्या पानावरही नव्हतं. कारखान्याच्या कागदांत पाहिलं, तिथं 'विक्री, मुंबई' एवढंच लिहिलेलं.

आज मला ठाऊक आहे ते असं. आमच्या डिस्टिलरीचा माल मुंबईचा एक व्यापारी घ्यायचा. टँकर इथून थेट बंदरावर जायचा, पण जहाजाचे कागद व्यापाऱ्याच्या नावाचे आणि पत्ता त्याच्या मुंबईच्या ऑफिसचा. म्हणजे आण्णांनी तळहातावर चोळून पास केलेलं अल्कोहोल केनियाला पोचायचं ते मुंबईचं होऊन. हे कळायला मला एक फोन पुरला असता. तोही अवघड माणसाला नाही, माझ्या बापाला.

मी तो केला नाही. घरच्या माणसाला विचारलं तर अहवालाचा तटस्थपणा जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मी आता लिहिते. मला वाटलं, आण्णांना काय कळतंय त्यातलं. मला त्यांची कीवसुद्धा आली. कुणीतरी व्यापाऱ्याचा माणूस येऊन यांना देशांची नावं सांगून जातो आणि हे बिचारे चिठ्ठीवर लिहून ठेवतात, प्रत्यक्षात माल मुंबईतच कुठंतरी खपतो, असं मी धरून चालले. सातारा-सांगलीच्या रांगेत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक वर्षाखाली, रेघा मारल्या. खाली सही केली.

अहवाल दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. आईनं पिठलं केलं होतं. जेवता जेवता आण्णांनी विचारलं, "काय निघालं मग आमच्या कॉलमचं?"

मी घरी बोलते तशी बोलले नाही, ऑफिसात बोलते तशी बोलले. म्हटलं, "आण्णा, तुम्हाला वाईट वाटेल, पण आपल्या भागातून औद्योगिक अल्कोहोलची निर्यात झालेलीच नाही. कागदावर कुठंच नाही."

"आमचं केनियाला जायाचं की."

"ते तुम्हाला तसं सांगत असतील. नोंद नाही म्हणजे नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, की अहवाल दिला का अजून द्यायचाय. काल दिला म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "खाली तुजी सही हाय?" मी हो म्हणाले, आणि लाज अशी की ऐटीत म्हणाले. "आसंल मग. तू बघितलं आसशील," असं म्हणून त्यांनी ताट पुढे केलं आणि आईकडं ताक मागितलं. मला वाटलं, त्यांना पटलं.

मंडळानं कॉलम बंद करायचा ठराव केला. त्यांना आधीपासून इथेनॉलच हवं होतं आणि माझ्या रेघांनी त्यांचं काम सोपं झालं, हे मला नंतर समजलं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. त्याचा काही उपयोग होत नाही. कॉलमवरच्या कायम माणसांना इकडेतिकडे लावलं. आण्णांना भांडारात बसवलं, नटबोल्ट द्यायला. कंत्राटावरच्यांना घरी पाठवलं, त्यात काका होते.

रविवारचा चहा बंद झाला. काका गावाला गेले, लांब पडत असेल, असं मी म्हणायची. पण कारखान्यातली बाकीची माणसंही आमच्या दारावरून जाताना थांबेनाशी झाली. बाजारात एकानं आण्णांना पाहून सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली, ते मी स्वतः पाहिलं. "आण्णा, काय झालंय?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "कामं गेली की मान्सं चिडत्यात. तुला काय करायचं त्ये?" मी तेही पटवून घेतलं. मला तेव्हा सगळंच लवकर पटायचं.

कॉलम उतरवायचा होता त्या आठवड्यात मी रजेवर घरी होते. आण्णा डबा विसरून गेले म्हणून आईनं मला कारखान्यावर पाठवलं. भांडारात ते नव्हते. तिथला माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "कपाट रिकामं करायला गेल्यात."

प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. एक्साइजचे साहेब सकाळीच येऊन सह्या करून गेले होते. आता बाटल्या ओतून टाकायच्या आणि भंगारात द्यायच्या, एवढंच काम उरलं होतं. आण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर पाण्याची बादली, एका हाताला रिकाम्या बाटल्या, दुसऱ्या हाताला भरलेल्या. ते बाटलीवर ओलं फडकं धरायचे आणि मग ब्लेडनं चिठ्ठी खरवडून काढायचे. ओल्या कागदाचा लगदा त्यांच्या पायाशी साठला होता.

भंगारात जाणाऱ्या बाटलीची चिठ्ठी कुणी काढतं का? मी एक बाटली उचलली. आण्णांचं अक्षर. केनिया. खाली तारीख, टँकरचा नंबर, बंदराचं नाव आणि जहाजाचंसुद्धा. शेजारी कारखान्याची सही, व्यापाऱ्याच्या तपासनिसाची सही, शिक्का. दुसरी उचलली, घाना. तिसरी फिलिपिन्स. तारखा त्याच वर्षांच्या, ज्या वर्षांखाली मी रेघा मारल्या होत्या. कपाटाच्या फळ्यांवर अजून चार रांगा शिल्लक होत्या.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मी म्हणाले, "आण्णा, हे तर खरंच गेलं होतं."

ते वर न बघता म्हणाले, "वल्लं केलं की सुटतंया. तू डबा ठेव आन जा घरला."

"तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगून काय? तू कागद दिला व्हतास."

"मी दुरुस्ती पाठवते. उद्याच पाठवते."

तेव्हा त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. माझ्यावर ते आयुष्यात दोन-तीनदाच ओरडले असतील, त्यातलं ते एक. "गप बस! कॉलम काय परत चढतोय व्हय तुज्या कागदानं? बंद झाला त्यो झाला. पैलीच सही, आन ती चुकीची निघाली तर कोन ठेवून घील तुला? आमच्या समद्या घरात तू येकली खुर्चीवर बसलीस." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे कुनी बघायला नको म्हणून तर बसलोय हितं. जा."

आणि मी गेले. इथं मला थांबून कबूल करायचंय, कारण बाकी सगळं सांगून हे गाळलं तर सांगण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेतून बाहेर पडून फाटकापर्यंत येताना मला रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. बापानंच गप बस म्हटलंय, आता माझ्याकडे दोष नाही, असा तो सुटकेचा हिशेब. दुसऱ्या दिवशी मी सांगलीला आले, कामावर गेले आणि द्राक्षांचं कोष्टक करायला घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले. सकाळी अंघोळ करून देवापुढे बसले आणि तिथंच कलंडले. भावकी जमली, शेजारपाजार जमला, सैन्यातले माझे चुलतभाऊ मिळेल त्या गाडीनं आले. डिस्टिलरीतलं एकही माणूस आलं नाही. ना स्मशानात, ना सावडायला, ना दहाव्याला. ज्यांच्याबरोबर त्यांनी जन्म काढला त्यांतलं एकही. आई दाराकडे बघत बसायची. तेराव्या दिवशी ती म्हणाली, "बाकीच्यांचं ऱ्हाऊ दे. पर त्येनं तरी यायचं व्हतं की. किती वर्सं च्या पाजला म्या त्येला." तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

दोन दिवसांनी मी विट्यावरून आटपाडीची एसटी धरली. काकांच्या गावाला पुढे वडापच्या जीपनं गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. काका वाघरेजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाजवळ, बसून जाळीची गाठ बांधत होते. मला पाहून उठले नाहीत. काकूंनी पाणी आणून दिलं आणि घोंगडं अंथरलं.

मी बसले आणि एका दमात बोलले. अहवाल माझा होता, चूक माझी होती, आण्णांना ती कळली होती, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्यासाठी खरवडल्या. काका गाठ बांधत राहिले. मला वाटलं, ते मला जा म्हणणार.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ठराव व्हायच्या आधी कॉलमवरची सगळी माणसं आण्णांकडे गेली होती. कपाट मंडळापुढे उघडू, बाटल्या दाखवू, आपला माल कुठं कुठं गेला ते त्यांना वाचू दे, असं ठरवून. किल्ली आण्णांकडे. आण्णा म्हणाले, किल्ली हरवली.

"त्येच्या करगोट्याला व्हती किल्ली," काका म्हणाले. "समद्यास्नी म्हाईत व्हतं. अंघुळीला बसला तरी काढत न्हवता. आन आमच्या तोंडावर म्हंतोय, हारावली."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटनार? कायम मानूस. मंडळानं नोकरीची दोन वर्सं वाढवून द्याचं कबूल केलं आसंल, न्हाईतर तुला कारखान्यात घ्याचं. मान्सं म्हनली, इकला गेला. म्या न्हाई म्हनलं. पर म्या त्येला इचारलं बी न्हाई."

त्यांनी गाठ ओढून पाहिली, ती सुटली, पुन्हा बांधायला घेतली. "त्यो गेल्याचा निरोप आला तवा निगालो व्हतो म्या. इट्यापतूर आलो. स्टँडवर बसलो. तुमच्याकडची गाडी लागली, भरली, सुटली. म्या बसूनच ऱ्हायलो. मग हिकडची गाडी धरली."

मी रडत होते. काकूही पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी म्हणाले, "काका, त्यांनी माझ्यासाठी केलं. तुम्ही त्यांना माफ करा, मला करू नका."

काका तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. राग होताच त्यांच्या चेहऱ्यावर, पण तो माझ्यावरचा नव्हता.

"आगं, येक सबुद बोलायचा व्हता त्येनं. पोरगी चुकली म्हनायचं. आमच्यातल्या कुनाला पोरी न्हाईत व्हय? चार दिस तुला शिव्या घातल्या आसत्या आमी, लय घातल्या आसत्या. आन पाचव्या दिशी येऊन बसलो आसतो त्येच्यापाशी."